शोकेसमधली फुले

भाऊबीजेला धुळ्याच्या ताईला साबणाच्या गुलाबांची डबी ओवाळणीत घातली. पुढच्या दिवाळीत पाहतो, तर फुले जशीच्या तशी शोकेसमध्ये! रंग विटलेला, वास गेलेला. "एवढी सुंदर फुलं पाण्यात कशी घालू रे?" ती म्हणाली.

खानदेशाला साबण नवा नाही. १९४५ साली महंमद हाशम प्रेमजींनी अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली. तिचाच '७८७' हा कपड्यांचा साबण; 'विप्रो'चा उगमही तोच. त्या वडीला कुणी शोकेसमध्ये ठेवले नाही. ती झिजली, म्हणून घर स्वच्छ राहिले.

फुलाची पाकळीही झिजण्यासाठीच असते. पण आपल्या बायका चांगले ते पाहुण्यांसाठी राखतात. यंदा नवी डबी देताना पहिली पाकळी मीच तोडून ताईच्या ओल्या तळहातावर ठेवली.