वाळूवरचा पट्टेदार पाहुणा

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मॅसॅच्युसेट्स राज्यात, केप कॉड नावाचा भूभाग कोपरात वाकवलेल्या हातासारखा समुद्रात शिरलेला आहे. या हाताच्या आतल्या बाजूला, ब्रूस्टर गावासमोर, ओहोटीला पाणी दीड किलोमीटरहून अधिक मागे सरते आणि वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. भरतीबरोबर त्यांवर आधी घोटाभर, मग गुडघाभर, मग कमरभर पाणी चढते. मे ते ऑक्टोबर या काळात त्या पाण्याबरोबर एक मोठा मासा येतो. तो गळाने धरण्यासाठी हौशी मासेमार लांबून येतात आणि त्यांना मासा दाखवून देणारे गाइड तेथे असतात.

गाइडचे खरे भांडवल म्हणजे निरीक्षण. वर्षानुवर्षे हे काम करणारा गाइड एक वही ठेवतो. तारीख, भरतीची वेळ, वारा, पाण्याचे तापमान, किती मासे दिसले, केवढे दिसले. या नोंदींमागे कोणते विज्ञान आहे आणि अशा वहीत काय उमटत नाही, हे आपण या लेखात पाहू.

माशाची ओळख

या माशाचे इंग्रजी नाव स्ट्राइप्ड बास, म्हणजे पट्टेदार बास. शास्त्रीय नाव मोरोने सॅक्सॅटिलिस. रुपेरी अंगावर डोक्याकडून शेपटीकडे जाणाऱ्या सात-आठ काळसर रेघा ही त्याची खूण. मीटरभर लांबीचा मासा साधारण 12 किलो भरतो. तो तीस वर्षांपर्यंत जगू शकतो.

हा मासा राहतो समुद्रात, पण अंडी घालायला नदीच्या गोड्या पाण्यात जातो. बंगाली लोकांचा आवडता हिलसाही हेच करतो. आपल्या रायगडच्या खाड्यांतला जिताडा नेमके उलट करतो. त्याची वीण समुद्राच्या बाजूला होते आणि पिल्ले खाडीतून आत चढतात.

पट्टेदार बासची सर्वांत मोठी बाळंतखोली म्हणजे चेसापीक उपसागराला मिळणाऱ्या नद्या. हडसन आणि डेलावेअर या नद्यांतही वीण होते. एप्रिल-मे महिन्यांत पाणी 14 ते 20 अंश सेल्सिअस झाले की मादी प्रवाहात अंडी सोडते. अंडी तळाशी बसून चालत नाही, त्यांना तरंगत ठेवणारा प्रवाह लागतो. सुमारे दोन दिवसांत पिल्ले बाहेर येतात. वीण आटोपली की मोठे मासे, त्यांतही विशेषतः माद्या, किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे निघतात. शरद ऋतूत ते परत फिरतात आणि हिवाळा व्हर्जिनिया व नॉर्थ कॅरोलिनालगतच्या समुद्रात काढतात. केप कॉडची वाळू हा या प्रवासातला उन्हाळी मुक्काम आहे.

उथळ पाणीच का?

एक साधे गणित करू. एक चौरस मीटर क्षेत्रावर 30 सेंटिमीटर खोल पाणी असेल, तर ते 300 लिटर झाले. तेच 3 मीटर खोल असेल तर 3000 लिटर. दोन्हींवर ऊन सारखेच पडते. म्हणजे तेवढ्याच उष्णतेने उथळ पाणी एका अंशाने तापले, तर खोल पाणी दशांश अंशानेच तापेल. म्हणून वसंतात उथळ खाड्या आधी जाग्या होतात. तेथे बारीक मासे, झिंगे, खेकडे जमतात आणि त्यांच्यामागे बास येतो. गाइडच्या वहीत मे महिन्यात दुपारच्या नोंदी जास्त का असतात, त्याचे उत्तर या गणितात आहे.

तेच गणित जुलै-ऑगस्टमध्ये उलटते. आता उथळ पाणी फार तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. गोड्या पाण्यात 10 अंशांना लिटरमागे सुमारे 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर 30 अंशांना सुमारे 7.6 मिलिग्रॅमच. खाऱ्या पाण्यात तो याहूनही कमी असतो. शिवाय तापमान वाढले की माशाला प्राणवायू लागतो जास्त. म्हणून भर उन्हाळ्यात मासे दिवसा खोल पाण्यात राहतात आणि पहाटे किंवा रात्री वाळूवर येतात. सप्टेंबरात पाणी निवले की पुन्हा दिवसा दिसू लागतात.

दुसरे घड्याळ भरतीचे. केप कॉडच्या आतल्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक सुमारे 3 मीटर असतो. पाणी चढू लागले की वाळूत दडलेले खेकडे आणि सॅण्ड ईल नावाचे करंगळीएवढे लांबट मासे खायला बास आत सरकतो आणि ओसरू लागले की चरांतून बाहेर पडतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा येते, म्हणून गाइडचे वेळापत्रकही रोज तेवढे पुढे जाते. ‘तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ’ ही कोकणातली रीत याच चंद्राच्या हिशोबावर उभी आहे.

मासा दिसतो कसा?

मासा पाण्यात आहे, तरी नवख्याला तो दिसत नाही, गाइडला दिसतो. यात सवयीचा वाटा आहेच, पण चष्म्याचाही आहे. पाण्याच्या आडव्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेला प्रकाश मुख्यतः आडव्या दिशेने ध्रुवित असतो. पोलरॉइड काच हा आडवा प्रकाश अडवते आणि तळाकडून येणारा प्रकाश डोळ्यांपर्यंत पोचू देते. हा परिणाम एका विशिष्ट कोनात सर्वाधिक असतो. पाण्यासाठी तो लंबाशी सुमारे 53 अंश आहे. डेव्हिड ब्रूस्टर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने 1815 मध्ये त्याचा नियम मांडला, म्हणून त्याला ब्रूस्टर कोन म्हणतात. गंमत अशी की ब्रूस्टर गावाचे नाव वेगळ्याच ब्रूस्टरवरून, ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या विल्यम ब्रूस्टरवरून पडले आहे!

प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे मासा दिसतो त्यापेक्षा प्रत्यक्षात खोल असतो. सरळ वरून पाहिले तर चार फूट खोलीवरचा मासा तीन फुटांवर भासतो. माशाच्या बाजूने पाहिले तर सारे बाहेरचे जग त्याला डोक्यावरच्या सुमारे 97 अंशांच्या शंकूत एकवटलेले दिसते. क्षितिजाजवळच्या वस्तू या शंकूच्या काठाला चेपलेल्या असतात. म्हणून गाइड पाहुण्याला वाकून उभे राहायला सांगतो.

वहीत न उमटणारी गोष्ट

आता मुख्य मुद्दा. वाळूवर दिसणारा मीटरभराचा मासा आज दिसतो, पण तो जन्मला दहा-बारा वर्षांपूर्वी. म्हणजे गाइडची वही एका अर्थी भूतकाळाची नोंद करते. येणाऱ्या दहा वर्षांत काय दिसणार, हे या वाळूवर कळत नाही. ते कळते शेकडो किलोमीटर दूर, चेसापीकच्या नद्यांत.

मेरिलँड राज्य 1954 पासून तेथे दर उन्हाळ्यात एक मोजणी करते. ठरावीक 22 ठिकाणी, ठरावीक लांबीचे जाळे, एकूण 132 वेळा ओढायचे आणि त्या वर्षी जन्मलेली पिल्ले मोजायची. जाळ्याच्या एका ओढीमागे सरासरी किती पिल्ले आली, हा त्या वर्षाचा निर्देशांक. दीर्घकालीन सरासरी सुमारे 11 आहे. 1996 मध्ये तो 59.4 होता, 2011 मध्ये 34.6. पण 2019 पासून दरवर्षी तो 5 च्या खाली आहे. 2023 मध्ये 1.0, 2024 मध्ये 2.0, 2025 मध्ये 4.0.

मग अंडी कमी पडली का? सहा वर्षांची मादी सुमारे पाच लाख, तर पंधरा वर्षांची तीस लाखांवर अंडी घालते. संख्या टिकवायला एका मादीच्या आयुष्यभरातल्या अंड्यांपैकी दोनच पिल्ले मोठी व्हावी लागतात. तेव्हा प्रश्न अंड्यांपेक्षा पिल्लांच्या पहिल्या काही आठवड्यांचा आहे. पोटाखालच्या बलकाची शिदोरी काही दिवसांत संपते. नेमके तेव्हा नदीत सूक्ष्म प्राणी, म्हणजे प्राणिप्लवक, विपुल असले तर पिल्ले तगतात. थंड हिवाळा आणि भरपूर पाण्याचा वसंत असला की दोन्हींची वेळ जुळते, असा अनुभव आहे. उबदार हिवाळा आणि कमी पाणी असले की ती चुकते. पेरणी झाली आणि पाऊस लांबला तर काय होते, हे आपल्याला सांगायला नको.

पूर्वीचा धडा

या माशावर संकट येण्याची ही पहिली वेळ नव्हे. मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने 1639 मध्येच बास आणि कॉड हे मासे शेतात खत म्हणून वापरायला बंदी केली होती. शिक्षकांना आवडेल अशी आणखी एक नोंद आहे. 1670 मध्ये प्लिमथ वसाहतीने केप कॉडच्या बास, मॅकरेल व हेरिंग यांच्या मासेमारीचे उत्पन्न एका मोफत शाळेसाठी राखून ठेवले.

1973 मध्ये व्यापारी मासेमारीत सुमारे दीड कोटी पौंड बास निघाला. 1983 पर्यंत हा आकडा 35 लाख पौंडांवर आला. 1984 मध्ये अमेरिकेच्या संसदेने त्यासाठी खास कायदा केला आणि मेरिलँडने 1985 पासून पाच वर्षे मासेमारी पूर्ण थांबवली. उरलेल्या माद्यांना वाढू दिले, पुढे नद्यांनीही साथ दिली आणि 1995 मध्ये साठा पूर्ववत झाल्याचे जाहीर झाले.

आज मात्र पेच थोडा वेगळा आहे. धरलेल्या बासपैकी दहातले नऊ हौशी मासेमार परत सोडतात. 2023 पासून समुद्रात फक्त 28 ते 31 इंचांमधला, माणशी दिवसाला एकच मासा ठेवता येतो. 2015 साली जन्मलेली चांगली पिढी त्या सुमारास या मापातून बाहेर पडत होती, तिला वाचवणे हा उद्देश. पण सोडलेला प्रत्येक मासा जगतो का? शास्त्रज्ञ हिशोबात सोडलेल्यांपैकी 9 टक्के मृत धरतात. समजा, एका पाहुण्याने दिवसभरात 22 मासे धरले आणि सगळे सोडले. 22 चे 9 टक्के म्हणजे जवळजवळ दोन. एक मासा धरून घरी नेणाऱ्यापेक्षा, काहीच न नेणाऱ्याने जास्त मारले! पाणी तापलेले असेल, मासा फार वेळ झुंजवला असेल, तर नुकसान आणखी वाढते. 2021 पासून आमिषासाठी गोल वळलेला, माशाच्या ओठातच अडकणारा गळ सक्तीचा झाला आहे, तो यामुळेच.

गाइडचा पेच येथे आहे. ज्याला मासा सर्वांत चांगला दिसतो, त्याच्याच पोटापाण्याचा भार त्या माशावर पडतो. दिवसाला पाच-सहा मासे झाले की थांबायचे आणि उरलेला वेळ नुसते मासे दाखवायचे, हा एक मार्ग आहे. पाहुणे त्यासाठी पैसे देतील का, हा प्रश्न जीवशास्त्राचा नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

1. एका पसरट आणि एका उंच भांड्यात सारखेच पाणी घेऊन उन्हात ठेवा. दर पंधरा मिनिटांनी तापमान नोंदवा आणि आलेख काढा. तापमानातील फरकाचा संबंध उघड्या पृष्ठभागाशी आणि खोलीशी जोडून दाखवा.

2. पाण्याच्या परातीत नाणे ठेवा. खिडकीतला उजेड पाण्यावर चमकेल असे उभे राहा आणि पोलरॉइड चष्म्याची काच डोळ्यांसमोर हळूहळू फिरवा. नाणे कोणत्या स्थितीत सर्वांत स्पष्ट दिसते?

3. किनाऱ्याजवळच्या शाळांनी बाजारातला एकच मासा, उदा. बांगडा, निवडावा. दर महिन्याला तीस माशांची लांबी मोजावी, गाबोळी किती माशांत होती ते विचारून लिहावे. वर्षाअखेरीस या माशाच्या विणीचा काळ कोणता आणि पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीशी तो कितपत जुळतो, हे मुलांनाच ठरवू द्यावे. एका वर्षाच्या नोंदी फार काही सांगणार नाहीत. मेरिलँडचा 1954 सालचा आकडाही त्या वर्षी एकटाच होता.