डीओ मीटरचा आकडा

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राला तळ्यावरची माणसे नुसते ‘डीओ मीटर’ म्हणतात. त्यावर लिटरला ५.८ मिलिग्रॅम असा आकडा उमटतो, पण प्रोब मिलिग्रॅम मोजत नाही. त्याला कळतो तो ऑक्सिजनचा आंशिक दाब. त्याचे मिलिग्रॅम मीटर करतो, तेही तापमान आणि क्षारता धरून. हवेने संपृक्त झालेल्या गोड्या पाण्यात २० अंश सेल्सिअसला सुमारे ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना ७.६, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. कोळंबीच्या निमखाऱ्या तळ्यावर क्षारता शून्यावरच ठेवली, तर मीटर ऑक्सिजन फुगवून दाखवतो. ही चूक महागात पडते, कारण रात्रभराच्या श्वसनाने पहाटे ऑक्सिजन तळाला गेलेला असतो आणि एरेटर वाढवायचे की नाही, ते याच आकड्यावर ठरते.

जुन्या पद्धतीचा प्रोब अमेरिकी शास्त्रज्ञ लिलंड क्लार्क यांनी १९५० च्या दशकात रक्तातील ऑक्सिजनसाठी घडवला. प्लॅटिनमचा कॅथोड, चांदीचा अॅनोड, मध्ये पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण आणि वरून टेफ्लॉनसारखा पातळ पडदा. पडद्यातून आत आलेला ऑक्सिजन कॅथोडवर खर्ची पडतो आणि तेवढा विद्युतप्रवाह वाहतो. म्हणूनच प्रोब स्थिर पाण्यात नुसता धरून चालत नाही. पडद्यालगतचा ऑक्सिजन संपतो आणि आकडा घसरत जातो. प्रोब हळूहळू हलवत राहावे लागते. पडदा बदलताना टोपीत द्रावण काठोकाठ भरून ती सावकाश फिरवत बसवतात. आत बुडबुडा अडकला की आकडा स्थिरावत नाही; टोपी काढून पुन्हा भरणे एवढाच उपाय.

ऑप्टिकल प्रोबमध्ये ही कटकट नाही. त्याच्या टोपीवरच्या रंगद्रव्यावर निळा प्रकाश पडला की ते लाल चमकते. ऑक्सिजन जितका जास्त, तितकी चमक लवकर विझते. ती विझायला लागणारा वेळ मोजला जातो. ऑक्सिजन खर्च होत नाही. मात्र टोपीवर शेवाळ धरले, तर मीटर त्या शेवाळाचाच ऑक्सिजन दाखवू लागतो.

कॅलिब्रेशनसाठी ओला स्पंज घातलेल्या बाटलीतली दमट हवा १०० टक्के धरतात. पडद्यावर पाण्याचा थेंब राहू द्यायचा नाही. शून्यासाठी सोडियम सल्फाइटचे ताजे द्रावण वापरतात. एवढे करूनही शंका राहिली, तर १८८८ ची विंकलर पद्धत आहेच: बाटलीत हवा न शिरू देता नमुना भरून ऑक्सिजन जागीच रसायनांनी बांधायचा आणि मग थायोसल्फेटने अनुमापन करायचे. स्टार्चचा निळा रंग गेला की मोजणी पूर्ण.