चोराबारीचा बांध

हिमनदी मागे हटते म्हणजे बर्फ माघारी वर चढतो, असे नव्हे. बर्फ खालीच वाहत असतो. मात्र टोकाशी जितका पोचतो त्याहून अधिक वितळतो, म्हणून टोक मागे जाते. वाटेत खरवडून आणलेले धोंडे, वाळू व पिठासारखी माती तेथेच पडून राहते. या राशींना हिमोढ म्हणतात; काठाने साचतो तो पार्श्व हिमोढ, टोकाशी साचतो तो अंत्य हिमोढ. नदी आपला गाळ निवडून टाकते, हिमनदी निवडत नाही. त्यामुळे हिमोढात घराएवढी शिळा व चिमूटभर पीठ शेजारी नांदतात.

केदारनाथच्या वर चोराबारी हिमनदीचा पार्श्व हिमोढ व डोंगरउतार यांच्या बेचक्यात एक सरोवर होते. हिमोढ हाच त्याचा बांध. परंतु हा शब्द फसवा आहे, कारण तो कोणी चेपून बांधलेला नव्हता. जून २०१३ च्या अतिवृष्टीने व वितळत्या बर्फाने सरोवर तुडुंब भरले आणि १७ जूनच्या सकाळी बांध फुटला. लोंढ्याबरोबर आलेली एक शिळा मंदिरामागे अडली व प्रवाह दुभंगला. भोवतालच्या वस्तीला असा आडोसा नव्हता.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमच्या दक्षिण ल्होनाक सरोवरात काठचा हिमोढ घसरला. उसळलेल्या पाण्याने समोरचा हिमोढ फुटला आणि तीस्तेवरील चुंगथांगचे धरणही वाहून गेले.