केमो लागणारच का? गाठीतली जनुकं काय सांगतात

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरात पहिला प्रश्न येतो: केमो घ्यावी लागणार का? उल्हासनगर कॅम्प ५ मधून लोकलने परळच्या टाटा मेमोरियलला जाणाऱ्या कुटुंबांसाठीही हा प्रश्न मोठाच असतो. काही रुग्णांच्या बाबतीत त्याचं उत्तर गाठीच्या तुकड्यातूनच मिळू शकतं.

शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशींत जनुकं तीच असतात. पण कोणतं जनुक किती जोरात काम करतंय, हे वेगवेगळं असतं. ऑन्कोटाइप डीएक्स ही चाचणी गाठीतल्या २१ जनुकांचं काम मोजते आणि ० ते १०० मध्ये गुण देते.

दहा हजारांहून जास्त महिलांचा समावेश असलेल्या टेलरएक्स अभ्यासाचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत न पसरलेला कर्करोग असलेल्या या महिला होत्या. ज्यांचे गुण ११ ते २५ होते, त्यांच्यात फक्त हार्मोनच्या गोळ्या घेणाऱ्यांना केमोसह गोळ्या घेणाऱ्यांइतकाच फायदा झाला. मात्र पन्नाशीपर्यंतच्या महिलांत १६ ते २५ गुण असतील तर केमोचा थोडा फायदा दिसला. २६ आणि त्यापुढे डॉक्टर सहसा केमोचाच सल्ला देतात.

ट्रिपल निगेटिव्ह किंवा हर-टू पॉझिटिव्ह आजारात केमो ठरवण्यासाठी ही चाचणी वापरत नाहीत. म्हणून "अमक्याच्या खालाला केमो लागली नाही" एवढ्यावर आपल्या अम्मीची केमो थांबवू नका.

आणखी एक गैरसमज. ही खानदानी आजाराची तपासणी नाही. ती फक्त त्या गाठीबद्दल सांगते, मुलींबद्दल नाही. तेव्हा रिश्त्याच्या काळजीने आजार लपवू नका.

चाचणी महाग आहे, खर्च लाखांत जातो आणि ती प्रत्येकीला लागतही नाही. म्हणून आधी एवढं करा: ईआर, पीआर, हर-टूचा रिपोर्ट मागून घ्या. ऑपरेशनच्या गाठीचा मेणातला ब्लॉक कुठे ठेवलाय ते विचारा. चाचणी त्यावरच होते. मग डॉक्टरांना थेट विचारा, "या चाचणीने आमचा इलाज बदलेल का?" उत्तर 'नाही' असेल तर पैसे इलाजासाठी ठेवा. खर्चाची अडचण असेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला भेटा; जकातीतून मदत होईल का, हे जमातीलाही विचारा.

अल्लाह सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन.