पिवळी पाटी, पांढरी पाटी: रायगडच्या किनाऱ्यावरील भाड्याच्या गाड्या आणि प्रवाशाचे संरक्षण

रायगड जिल्ह्याचा किनारा उरणपासून हरिहरेश्वरापर्यंत पसरलेला असून धरमतर, कुंडलिका, राजपुरी आणि बाणकोट या खाड्यांनी तो जागोजाग तोडला आहे. अलिबाग, मुरूड व श्रीवर्धन या तिन्ही तालुक्यांच्या गावांना प्रवासी रेल्वे नाही; अलिबागला जाणारा रेल्वेप्रवासी सुमारे तीस किलोमीटर अलीकडे पेणला उतरतो आणि श्रीवर्धन, दिवेआगर किंवा हरिहरेश्वर गाठणारा कोकण रेल्वेच्या माणगाव स्थानकाचा आधार घेतो. मुंबईहून लाँचने येणाऱ्यालाही मांडवा बंदरापासून अलिबागपर्यंतचे सुमारे वीस किलोमीटर रस्त्यानेच जावे लागते. त्यामुळे प्रवास रेल्वेने झालेला असो वा समुद्रातून, त्याचा शेवटचा टप्पा एसटीवर, रिक्षावर, मिनीडोअरवर किंवा भाड्याच्या मोटारीवर अवलंबून राहतो, आणि एसटीची वेळ टळली की प्रवासी मिळेल त्या गाडीत बसतो. ज्या गाडीत तो बसतो तिचा कायदेशीर दर्जा कोणता, यावर भाड्याचा प्रामाणिकपणा आणि अपघातानंतरची भरपाई या दोन्ही गोष्टी ठरतात. म्हणून परवाना हा चालक आणि आरटीओ यांच्यातला कागद न मानता प्रवाशाने तो स्वतःच्या संरक्षणाचे साधन समजणे आवश्यक आहे.

मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 66 नुसार प्रवासी वाहतुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या वाहनाला परवाना बंधनकारक आहे. हा कायदा प्रवासी वाहतुकीचे दोन मुख्य प्रकार मानतो. ठरलेल्या मार्गावर, थांब्याथांब्यावर प्रवासी चढवत-उतरवत आणि प्रत्येकाकडून टप्प्यानुसार भाडे घेत चालणारी वाहतूक ती टप्पा वाहतूक होय आणि एसटी हे तिचे परिचित उदाहरण आहे. याउलट, एका स्थळापासून दुसऱ्या स्थळापर्यंत किंवा ठरावीक वेळेसाठी करार करून, करारात नसलेले प्रवासी वाटेत न घेता केलेली वाहतूक ती कंत्राटी वाहतूक होय. चालक वगळून सहापर्यंत प्रवासी नेणाऱ्या भाड्याच्या मोटारीला कायद्यात मोटारकॅब आणि सहापेक्षा अधिक परंतु बारापर्यंत प्रवासी नेणाऱ्या वाहनाला मॅक्सीकॅब म्हटले आहे. ही दोन्ही वाहने कंत्राटी वाहतुकीत मोडतात आणि मोटारकॅबमधील प्रवाशांकडून वेगवेगळे भाडे घेतले तरी तिचा हा दर्जा बदलत नाही, असे व्याख्येतच नमूद आहे. सीटप्रमाणे पैसे देऊन केलेला शेअर टॅक्सीचा प्रवास त्यामुळे आपोआप बेकायदा ठरत नाही. मात्र परवान्यातील आसनसंख्या ओलांडणे, चालकाच्या शेजारी दोघांना दाटीने बसवणे किंवा मागे फळीवर उभे राहू देणे हा परवान्याच्या अटींचा भंग आहे, मग नाक्यावर तो कितीही रूढ झालेला असो.

गाडीचा दर्जा ओळखण्याची पहिली खूण म्हणजे तिची नंबरप्लेट. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी भाड्याने प्रवासी नेण्यासाठी नोंदलेली असते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे असलेली गाडी खासगी वापराची असते. आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतील, तर ती गाडी भाड्याने घेणाऱ्याने स्वतः चालवण्यासाठी देण्याच्या अधिकृत योजनेतील असते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांची पाटी हिरवी असते; तिच्यावरील अक्षरे खासगी वाहनासाठी पांढरी, तर व्यावसायिक वाहनासाठी पिवळी असतात. पाटीमागे कागदपत्रांची साखळी असते. व्यावसायिक गाडीला योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे व्यवहारात ज्याला पासिंग म्हणतात ते, पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. 1 जानेवारी 2019 पासून नोंदल्या जाणाऱ्या टॅक्सींना गाडीचा ठावठिकाणा कळवणारे यंत्र आणि संकटकाळी दाबायचे बटण बसवणे केंद्रीय नियमांनी बंधनकारक केले. नंबर टाकला की गाडीची नोंदणी, योग्यता आणि विम्याची मुदत यांचा तपशील शासनाच्या एमपरिवहन ॲपवर पाहता येतो, त्यामुळे रात्री-अपरात्री निघताना किंवा मुले व वृद्ध सोबत असताना ही खातरजमा अवश्य करावी.

खासगी गाडी भाड्याने नेण्यातला खरा धोका विम्याशी जोडलेला आहे. खासगी मोटारीच्या विम्यात ती भाड्याने चालवण्यास सामान्यतः मनाई असते, आणि केवळ कायद्यापुरता घेतलेला त्रयस्थ पक्षाचा विमा असेल, तर गाडीत बसलेल्यांना त्याचे संरक्षण मिळेलच असे नाही. सार्वजनिक ठिकाणी विनापरवाना वाहन वापरणे हा कायद्याचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने अमृत पाल सिंह विरुद्ध टाटा एआयजी या खटल्यात 2018 मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणात विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि नंतर ती मालकाकडून वसूल करावी, अशी व्यवस्था कायम ठेवली गेली. तथापि विमा संरक्षणावरच वाद उभा राहिला, तर जखमीच्या कुटुंबाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जास्त खेपा घालाव्या लागतात. परवान्याविना प्रवासी वाहतूक केल्यास कलम 192-अ नुसार पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपये दंडाची तरतूद आहे, परंतु चालकाला झालेल्या शिक्षेने प्रवाशाचे मोडलेले हाड भरून येत नाही. हॉटेल किंवा होम स्टेच्या ओळखीतून स्वस्तात मिळालेली पांढऱ्या पाटीची गाडी म्हणूनच प्रत्यक्षात महागात पडू शकते.

भाड्याच्या बाबतीत दोन पद्धती समजून घेतल्या पाहिजेत. रिक्षा व मीटरच्या टॅक्सीचे दर परिवहन प्राधिकरण ठरवते, तर पर्यटक परवान्यावरील बहुतेक गाड्यांना मीटर नसतो आणि तिथे भाडे बोलणी करून ठरते. या बोलणीत किलोमीटरचा दर हा हिशेबाचा एकच भाग असतो. गाडी परतीला रिकामी येणार असेल तर त्या फेरीचा खर्च, दिवसाचे किमान किलोमीटर, चालकाचा भत्ता, रात्रीचा मुक्काम, टोल आणि पार्किंग या बाबी स्वतंत्रपणे मोजल्या जातात. जानेवारी 2024 मध्ये खुल्या झालेल्या अटल सेतूमुळे मुंबईहून अलिबागकडे येण्याचा वेळ वाचतो, पण त्याचा टोल भाड्यात धरला आहे की नाही, हे आधी विचारावे लागते. मुरूडहून श्रीवर्धनकडे जाताना आगरदांडा–दिघी जंगलजेटीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, खाडी ओलांडली तर लांबचा वळसा वाचतो. हरिहरेश्वराजवळच्या बागमांडला–वेशवी जंगलजेटीचेही तसेच आहे, आणि गाडीचे जेटीभाडे कोणी द्यायचे हे न ठरवल्याने धक्क्यावर वाद होतात. काही लाँच कंपन्यांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते, हे माहीत नसलेला प्रवासी तेवढ्याच अंतरासाठी दुसऱ्यांदा पैसे मोजतो. निघण्यापूर्वी एकूण रक्कम, त्यात धरलेल्या बाबी, जादा किलोमीटरचा दर आणि गाडीचा नंबर एका संदेशात लिहून घेणे हा सर्वांत सोपा करार आहे.

हंगामाचा विचारही इथे महत्त्वाचा आहे. गेटवे–मांडवा लाँचसेवा मे अखेरीपासून साधारण ऑगस्ट अखेरपर्यंत बंद असते. मार्च 2020 मध्ये भाऊच्या धक्क्यावरून सुरू झालेली रो-रो बोट हवामान साथ देईल तेव्हा पावसाळ्यातही चालते, पण उरलेला सारा भार वडखळमार्गे रस्त्यावर येतो. नाताळ आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत गाड्या कमी पडतात आणि दर चढतात. याची दुसरी बाजू अशी की स्थानिक चालकाला वर्षभराचे कर्जहप्ते, विमा, कर आणि पासिंग यांचा खर्च काही महिन्यांच्या कमाईतून भागवावा लागतो, आणि विनापरवाना गाड्या नेमक्या त्याच महिन्यांत त्याचे भाडे पळवतात. परवानाधारक गाडी निवडणारा प्रवासी त्यामुळे स्वतःबरोबर या प्रामाणिक चालकालाही आधार देत असतो.

ॲपवरून गाडी देणाऱ्या कंपन्यांना 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 93 खाली परवाना घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राने 2025 मध्ये त्यांच्यासाठी धोरण जाहीर केले. पण किनाऱ्यावरच्या गावांत मुंबईसारखी ॲपची गाडी हाकेसरशी मिळेल, असे गृहीत धरणे योग्य नाही. इथली व्यवस्था अजून स्टँड आणि ओळखीचा फोन नंबर यांवर चालते. तक्रार असल्यास गाडीचा नंबर, तारीख, वेळ व पावती यांसह पेण येथील उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे दाद मागता येते, आणि प्रसंग तातडीचा असेल तर 112 क्रमांक उपलब्ध आहे.

तरीही सारी जबाबदारी प्रवाशाच्या सावधपणावर टाकणे न्याय्य ठरणार नाही. मांडवा जेटी, अलिबागचे एसटी स्टँड, पेण व माणगाव स्थानके आणि दोन्ही जंगलजेट्यांचे धक्के या मोजक्या ठिकाणांहून किनाऱ्यावरचे बहुतेक प्रवासी जातात. तिथे गावागावांपर्यंतचे स्पेशल आणि शेअर भाडे, आसनसंख्या व तक्रारीचा क्रमांक मराठीत ठळक लिहिलेले फलक लागले, आणि चालक संघटनांनी ते दर मान्य करून पाळले, तर परक्या प्रवाशाची फसवणूक आणि प्रामाणिक चालकावरचा संशय हे दोन्ही एकदमच कमी होतील.