राडारोड्याच्या टेकडीवरची ऑलिंपिक शर्यत

२९ जुलै २०२४ रोजी पॅरिसजवळच्या एलांकूर टेकडीवर पुरुषांची ऑलिंपिक क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यत झाली. ब्रिटनच्या टॉम पिडकॉकने ती १ तास २६ मिनिटे २२ सेकंदांत जिंकली. फ्रान्सचा व्हिक्टर कोरेत्झ्की अवघ्या नऊ सेकंदांनी मागे राहिला. ज्या टेकडीवर हे घडले ती माणसांनी रचलेली आहे. तिथे आधी दगडाची खाण होती. पुढे शेजारी वसत असलेल्या नव्या शहराच्या बांधकामांचा राडारोडा त्या खाणीत टाकत गेले आणि खड्ड्याची टेकडी झाली. आज तिचा माथा समुद्रसपाटीपासून २३१ मीटरवर आहे आणि पॅरिस परिसरातली ती सर्वांत उंच जागा मानली जाते.

मुंबईतल्या कांजूरमार्ग, विक्रोळी, भांडुपच्या माणसाला ही हकीकत ऐकून आपल्या दारातला डोंगर आठवणारच. महामार्गापलीकडे, खाडीच्या अंगाला कचऱ्याचा असाच एक उंचवटा वर्षानुवर्षे वाढतो आहे. एलांकूरला जे जमले ते इथे जमेल का, याचे उत्तर विज्ञानाकडे आहे. त्यासाठी आधी ही शर्यत जमिनीकडून काय मागते ते पाहायला हवे.

एलांकूरचा एक फेरा ४.४ किलोमीटरचा, त्यात चढ ११० मीटरचा. पुरुषांना असे आठ फेरे होते, म्हणजे एकूण चढ ८८० मीटर. आपल्या नॅशनल पार्कमधला सर्वांत उंच माथा, जांभूळमाळ, साडेचारशे मीटरच्या थोडा वर आहे. त्याच्या जवळजवळ दुप्पट उंची हे लोक दीड तासाच्या आत चढले. स्वार आणि सायकल मिळून ७० किलो धरले, तर नुसते गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर जायला सुमारे सहा लाख ज्यूल लागतात, म्हणजे जेमतेम १४५ किलोकॅलरी. पण स्नायू अन्नातल्या ऊर्जेचा पाचवा ते चौथा हिस्साच कामात बदलतात, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे फक्त चढासाठी शरीर सहाशे-सातशे किलोकॅलरी जाळते. मातीचे घर्षण आणि प्रत्येक वळणानंतर पुन्हा घ्यायचा वेग यांचा हिशेब वेगळाच.

रस्त्यावरच्या शर्यतीत मुख्य शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून तिथे घोळक्यात लपून दम वाचवता येतो. डोंगरातल्या चढावर वेग कमी, वाट अरुंद; तिथे कुणाच्या पाठीमागे लपून फारसा फायदा नाही. स्वार काही सेकंद जीव तोडून पेडल मारतो, मग काही सेकंद अजिबात मारत नाही, आणि हे दीड तास चालते. अशा शर्यतींत स्वारांच्या नाडीची सरासरी कमाल ठोक्यांच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते, असे मोजमापांत आढळले आहे. उतारावर पाय थांबले तरी नाडी फारशी उतरत नाही. हात, खांदे आणि मांड्या ताठ धरून धक्के झेलणे हेही कष्टाचेच काम आहे.

आता टायरकडे जवळून पाहू. रस्त्याच्या सायकलचा टायर टणक फुगवलेला असतो. माउंटन बाइकच्या शर्यतीतला टायर रुंद, गुठळ्यांचा, आणि त्यातली हवा साधारण वीस पीएसआयच्या घरातली, अंगठ्याने दाबला तर सहज दबेल इतकी. टणक टायर खडा लागला की अख्खी सायकल आणि स्वार वर उचलतो. ती ऊर्जा पुढे नेण्याऐवजी हादऱ्यात जाते. मऊ टायर खड्याभोवती दबतो आणि पुढे सरकतो, शिवाय त्याची जमिनीवरची पकडही वाढते. या टायरमध्ये ट्यूब नसते. आत पातळ चीक ओतलेला असतो, छोटे छिद्र पडले की तो बाहेर येताना घट्ट होऊन भोक बुजवतो. चीर मोठी असेल तर मात्र चीक हरतो. पिडकॉकलाही टायरने दगा दिला. तो आघाडीवर असताना टायर बसला. मदत ठरलेल्या टप्प्यावरच मिळते, त्यामुळे तिथवर तसेच जाऊन चाक बदलावे लागले आणि अर्ध्या मिनिटाहून अधिक पिछाडी पडली. ती त्याने फेऱ्यामागून फेऱ्यात भरून काढली आणि शेवटच्या फेऱ्यात कोरेत्झ्कीला मागे टाकले. खेळातली इतकी शुद्ध जिद्द मी क्वचितच पाहिली आहे.

हे सगळे शक्य झाले कारण खालची जमीन हलत नव्हती. विटा, काँक्रीट, दगड, माती कुजत नाहीत. एकदा नीट दाबल्या की त्यांवर खडी पसरून वळणे कोरता येतात.

कांजूरच्या डोंगराचे पोट वेगळे आहे. तिथे ओला कचरा मोठ्या प्रमाणात येतो आणि बायोरिअॅक्टर पद्धतीने तो मुद्दाम लवकर कुजवला जातो. कचऱ्यातून झिरपलेले पाणी पुन्हा त्यातच फिरवतात, जिवाणूंना ओल मिळते, मिथेन तयार होतो, तो नळ्यांनी ओढून घेतात. असा ढीग बंद केल्यावरही वर्षानुवर्षे खचत राहतो, आणि सगळीकडे सारखा खचत नाही. वर मातीचे जे झाकण घालतात, तेच वायू आणि पाणी अडवते. त्यावर गुठळ्यांचे टायर फिरले की चर पडतात, आणि मुंबईच्या दोन हजार मिलिमीटरहून अधिक पावसात त्या चरांच्या घळी व्हायला वेळ लागत नाही. जागेचा कायदेशीर प्रश्नही सुटलेला नाही: मे २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने ती पुन्हा संरक्षित वन ठरवली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. तिथल्या दुर्गंधीने हैराण झालेल्या रहिवाशांना सायकलचे स्वप्न दाखवणे मला अन्यायाचे वाटते.

नॅशनल पार्कच्या डोंगरातही ट्रॅक कोरू नये. ते बिबट्याचे घर आहे. पण उपनगरात पुनर्विकासाचे बुलडोझर रोज चालतात, इमारतींचा स्वच्छ राडारोडा ट्रकांनी निघतो, आणि जुन्या दगडखाणींच्या जागाही आहेत. एलांकूरची सुरुवात एवढ्यावरच झाली होती. ऑलिंपिकच्या माउंटन बाइक शर्यतीत आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. हे बदलायचे असेल तर पालिकेने एखादी बंद खाण निवडून तिथे फक्त तपासलेले डेब्रिज टाकावे, थराथराने दाबावे आणि पावसाचे पाणी ट्रॅकवरून वाहू न देणारी वळणे पहिल्या दिवसापासून आखावीत. आणि तुमच्या सोसायटीत दुरुस्तीचे काम निघेल, तेव्हा फुटक्या लाद्यांच्या गोणीत ओला कचरा जाऊ देऊ नका.