आरोपपत्र म्हणजे शिक्षा नव्हे

ताथवड्यात माझ्या शेजारी राहणारा एक कामगार एका संध्याकाळी पाकीट घेऊन माझ्याकडे आला. आत इंग्रजीतले आरोपपत्र होते : वरिष्ठाशी उद्धट वर्तन. ‘सर, मला काढलं ना?’ मी म्हणालो, ‘नाही. अजून तुम्हांला फक्त विचारलंय.’ त्याचा विश्वास बसेना. मला त्याचे नवल वाटले नाही. माझ्या आजोबांच्या गावी चोरी झाली की आधी आमच्या वस्तीतली माणसे चावडीवर बांधली जात. त्यांचे म्हणणे ऐकण्याची प्रथाच नव्हती. मी घरातला पहिला पदवीधर. या प्रथेविरुद्ध कायदा उभा आहे, हे मला पुस्तकातूनच कळले.

कारखान्यातही पूर्वी मुकादमाचा शब्द हाच कायदा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच कारकिर्दीत, १९४६ साली, स्थायी आदेशांचा कायदा झाला. गैरवर्तन कशाला म्हणायचे ते मालकाने आधी लिहून मंजूर करून घ्यायचे आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही दाराजवळ लावायचे, असे बंधन आले.

चौकशी कशी व्हावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६३च्या ‘सूर एनॅमल’ प्रकरणात सांगितले. आरोप नेमका कळवावा. साक्षी कामगारासमोर घ्याव्यात. त्याला उलटतपासणी करू द्यावी. स्वतःची बाजू व साक्षीदार मांडू द्यावेत. निष्कर्ष कारणांसह लिहावा. महाराष्ट्राच्या १९७१च्या कायद्याने नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून केलेली बडतर्फी अनुचित कामगार प्रथा ठरवली.

यावर विचारले जाते, मग कामचुकाराला काढायचेच नाही काय? पुण्याच्या भारत फोर्जमधील एक कामगार १९८३ साली पाळीत झोपलेला आढळला. चौकशी रीतसर झाली होती, पूर्वीच्या गैरवर्तनाची नोंदही होती. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. म्हणजे रीत पाळून काढता येते. मात्र हा निकाल २००५ साली लागला. न्यायालयाची वाट इतकी लांब असल्यानेच कारखान्यातील चौकशी नीट होणे कामगाराच्या जिवाभावाचे आहे.

आज ही भिंत खचते आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांची सक्ती ३०० कामगारांपासून सुरू होते. जुन्या कायद्यात ती मर्यादा १०० होती, महाराष्ट्रात ५०. आणि ठेकेदाराच्या पोराला तर पाकीटही येत नाही. गेटवर पास चालत नाही, एवढाच त्याचा निकाल. आपल्या वस्तीतली बरीच मुले याच रांगेत उभी आहेत.

म्हणून पाकीट आले तर ते घ्यावे, तारीख घालून पोच द्यावी, मराठी प्रत मागावी, उत्तर लेखीच द्यावे. निलंबनात पहिले ९० दिवस अर्धे वेतन मिळते, हे लक्षात ठेवावे. कोऱ्या कागदावर किंवा राजीनाम्यावर सही करू नये. काढून टाकलेच, तर वाद उपस्थित करण्यास दोन वर्षांची मुदत आहे.

शेजाऱ्याचे उत्तर आम्ही त्याच रात्री मराठीत लिहिले. चौकशीत त्याने तक्रार करणाऱ्या वरिष्ठाला तीन प्रश्न विचारले. शेवटी चार दिवसांच्या निलंबनाची शिक्षा झाली, नोकरी राहिली. त्या चार दिवसांबद्दल तो बोलत नाही. ‘मी विचारलं आणि साहेबाला उत्तर द्यावं लागलं,’ एवढेच तो सांगतो.